अंगणातील दिव्याच्या खांबावर विजेचा पॉइंट



दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की घरोघरी एक प्रश्न निघतो. आकाशकंदील टांगायचा अंगणात, आणि वीज असते घरात. मग दिवाणखान्यातील पॉइंटपासून एक लांबलचक तार निघते, ती खिडकीच्या फटीतून बाहेर येते, तुळशीवृंदावनाला वळसा घालते आणि आंब्याच्या फांदीवर चढते. त्या तारेमुळे खिडकी नीट लागत नाही, रात्री डास आत येतात, आणि येणाजाणाऱ्याचा पाय तारेत अडकतो. अशा वेळी घरधन्याची दृष्टी फाटकाजवळच्या दिव्याच्या खांबाकडे जाते. तेथे वीज आयतीच पोहोचलेली आहे, तेव्हा त्याच खांबावर एक पॉइंट काढून घेतला तर काय बिघडले? वायरमनही म्हणतो, अर्ध्या तासाचे काम आहे.

ही इच्छा अगदी रास्त आहे. कंदिलासाठीच नव्हे, तर गवत कापण्याचे यंत्र, पाण्याचा लहान पंप, सुताराचे ड्रिल अशा अनेक गोष्टींसाठी अंगणात विजेची सोय असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. ही सोय सुरक्षितपणे करता येते. मात्र ती अर्ध्या तासात होत नाही. का होत नाही, हे आज आपणास सांगावयाचे आहे.

प्रथम एक खुलासा करून ठेवतो. मी बोलतो आहे तो खांब आपल्या स्वतःच्या कुंपणाच्या आतील, आपल्या मीटरवर चालणारा. रस्त्यावरचा खांब नगरपालिकेचा किंवा वीजकंपनीचा असतो. त्यावरून परस्पर वीज घेणे हा २००३ च्या विद्युत अधिनियमाप्रमाणे चोरीचा गुन्हा आहे, मग ती वीज उत्सवाच्या मांडवासाठी का घेतलेली असेना. मांडवासाठी वीजकंपनी तात्पुरती जोडणी देते. तेव्हा तो विषय येथेच सोडू.

आता आपला खांब पाहा. बहुधा तो पोकळ लोखंडी नळीचा असतो. जमिनीखालून आलेली तार त्याच्या पोटातून वर जाते आणि माथ्यावरच्या दिव्याला मिळते. तेथे ती काचेच्या हंडीत बंदिस्त असते. आठ-दहा फूट उंचीवरच्या त्या दिव्याला वर्षातून एखाद्या वेळी, तोही बिघडला तरच, कोणी हात लावतो. म्हणजे दिव्यासाठी आणलेली वीज माणसापासून लांब राहते. पॉइंट काढला की हे सारे पालटते. तीच वीज आता हाताच्या उंचीवर येते. किंबहुना ती हातात यावी एवढ्याचसाठी पॉइंट असतो. त्यात कोण काय खुपसेल याचा भरवसा नसतो. गेल्या वर्षीचा कंदील असेल, माळ्यावर उंदरांनी कुरतडलेली तार असेल, शेजाऱ्याकडून उसने आणलेले यंत्र असेल. आणि हे सर्व हाताळणारा मनुष्य अंगणात, ओल्या मातीवर, पुष्कळदा अनवाणी उभा असतो.

घरातील कोरड्या फरशीवर चपला घालून उभे असताना लागलेला धक्का आणि श्रावणातल्या अंगणात लागलेला धक्का यांत फार अंतर आहे. भिजलेल्या त्वचेच्या माणसाचा विजेला होणारा रोध साधारण एक हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. आपल्या देशात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. दाबाला रोधाने भागले, की शरीरातून जाणारा प्रवाह निघतो २३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा चौथा हिस्सादेखील नाही. हा आकडा लहान वाटतो. तो किती मोठा आहे हे कळण्यासाठी एका अमेरिकन संशोधकाच्या कामाकडे वळावे लागेल.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत चार्ल्स डाल्झील नावाचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. १९४० च्या दशकात त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या स्त्री-पुरुषांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, प्रयोग केले. हातात धरलेल्या तारेतून हळूहळू प्रवाह वाढवीत न्यायचा आणि कोणत्या क्षणापर्यंत माणूस आपल्या इच्छेने ती तार सोडू शकतो, हे पाहायचे. त्यापुढे स्नायू आखडतात, मूठ घट्ट मिटते आणि माणूस तारेला चिकटून राहतो. आपण 'विजेने ओढून धरले' असे म्हणतो ते हेच. पुरुषांच्या बाबतीत ही मर्यादा सरासरीने सुमारे १६ मिलिअँपिअर निघाली, आणि स्त्रियांच्या बाबतीत साडेदहा. लहान मुलांवर असले प्रयोग अर्थातच कोणी करीत नाही. पण त्यांची मर्यादा याहून कमी धरावी लागते. तीस मिलिअँपिअरच्या पुढे, प्रवाह काही काळ वाहत राहिला तर, श्वास आणि हृदय यांना धोका सुरू होतो. आता आपले २३० मिलिअँपिअर आठवा.

येथे बहुतेक जण म्हणतात, "पण आमच्याकडे एमसीबी बसवलेले आहे. काही झाले की ते पडतेच." हा विश्वास फार पसरलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. एमसीबी, किंवा पूर्वीचा फ्यूज, तारांच्या रक्षणासाठी असतो. तारेतून तिच्या शक्तीबाहेर प्रवाह जाऊन ती तापू नये, आग लागू नये, हे त्याचे काम. सहा अँपिअरचे एमसीबी सहा हजार मिलिअँपिअर प्रवाह निमूटपणे जाऊ देते. ज्याच्या अंगातून २३० मिलिअँपिअर जात आहेत, त्या माणसाची त्याला जाणीवही होत नाही. त्याच्या हिशेबी तो माणूस म्हणजे एक मध्यम दिवा.

दुसरा विश्वास अर्थिंगवरचा. याबाबतीत माझ्या पाहण्यातला एक प्रसंग सांगतो. इंदूरला माझे एक स्नेही राहतात. त्यांनी अंगणातील खांबावर असाच एक पॉइंट काढून घेतला होता. खांबापर्यंत आलेली मूळची तार दोनच पदरांची होती, एक फेज आणि एक न्यूट्रल. दिव्यापुरते तेवढ्यावर भागून गेले होते. पॉइंटला तिसरे छिद्र असते, तेथे काय जोडायचे, हा प्रश्न आला तेव्हा वायरमनने खांबाच्या बुडाशी खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घालून त्यात एक नळी पुरली, तिला खांब आणि पॉइंट दोन्ही जोडले, आणि आता काळजीचे कारण नाही, असे सांगितले. शिवाय पंप लावला की सहा अँपिअरचे एमसीबी पडू लागले, म्हणून ते काढून सोळाचे बसवले. पहिल्या पावसानंतर झाडलोट करणाऱ्या बाई म्हणू लागल्या, खांबाला हात लागला की झिणझिण्या येतात. घरच्यांना वाटले, त्यांच्या मनाचे खेळ. पुढे एके दिवशी खांबाजवळ गेलेले कुत्रे केकाटून पळाले, तेव्हा मला बोलावणे आले.

त्या नळीचा जमिनीशी असलेला रोध मोजला, तो २० ओहम भरला. हा काही फार वाईट आकडा नव्हे; एका नळीच्या अर्थिंगला मुरमाड जमिनीत याहून जास्तही रोध येतो. आता हिशेब करू. समजा, पोटातली फेजची तार घासून खांबाला पूर्णपणे टेकली. प्रवाह खांबातून नळीत, नळीतून जमिनीत, आणि जमिनीतून वीजकंपनीच्या ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगकडे परत जाईल. तिकडचा रोध तीन ओहम धरला तर एकूण झाले तेवीस ओहम. २३० व्होल्टला तेवीसने भागले, की प्रवाह आला दहा अँपिअर. सोळा अँपिअरचे एमसीबी या दहा अँपिअरवर मुळीच हलणार नाही. आणि खांबावर किती दाब राहील? दहा गुणिले वीस, म्हणजे दोनशे व्होल्ट. अर्थिंग केलेला तो खांब, एमसीबी चालू असताना, दोनशे व्होल्टवर तसाच रात्रंदिवस उभा राहू शकतो, आणि विजेचे बिल वाढण्यापलीकडे त्याची खूण घरात कोठेच दिसत नाही. स्नेह्यांच्या खांबाला तार अजून पुरती टेकली नव्हती. तिचे आवरण एके ठिकाणी चिरले होते आणि ओलाव्यातून थोडी वीज झिरपत होती. बाईंचे म्हणणे मनाचे खेळ नव्हते.

याचा अर्थ अर्थिंग निरुपयोगी आहे असा कोणी घेऊ नये. अर्थिंग हवेच, पण अंगणात पुरलेली नुसती एक नळी म्हणजे पुरते संरक्षण नव्हे. पॉइंटची आणि खांबाची हिरवी तार तांब्याची, अखंड, थेट घराच्या मुख्य बोर्डावरील अर्थपर्यंत गेली पाहिजे. ग्राहकाच्या जागेत अर्थची जोडणी देण्याची जबाबदारी वीज पुरवणाऱ्यावर १९५६ च्या भारतीय वीज नियमांनीच टाकली होती. घराचा अर्थ त्या जोडणीशी बांधलेला आहे की नाही, हे जाणत्याकडून तपासून घ्यावे. पुष्कळ घरांत तो केवळ घरामागच्या खड्ड्यातल्या नळीवरच अवलंबून असतो, आणि मग वर सांगितलेला तेवीस ओहमांचा हिशेब घरालाही तसाच लागू पडतो. म्हणूनच अंगणातील पॉइंटला आणखी एक साधन लागते.

त्या साधनाला बाजारात आरसीसीबी म्हणतात. त्याची रचना समजण्यास अवघड नाही. देवळाच्या एकाच दारातून यात्रेकरू आत जातात आणि त्याच दारातून बाहेर येतात, असे समजा. दाराशी बसलेला राखणदार आत जाणारे आणि बाहेर येणारे मोजतो. दोन्ही संख्या सारख्या असल्या की तो स्वस्थ बसतो. संख्या जुळली नाही, की कोणीतरी आडवाटेने गेले हे त्याला कळते आणि तो तत्काळ दार लावून घेतो. आरसीसीबीमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून नेलेल्या असतात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेपर्यंत त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतात. थोडा प्रवाह माणसाच्या अंगातून किंवा ओल्या खांबातून जमिनीत गेला, की तोल बिघडतो, कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या वेटोळ्यात वीज उपजते आणि खटका पडतो. घरगुती वापराचे साधन ३० मिलिअँपिअरचे घ्यावे. बाजारात १०० आणि ३०० मिलिअँपिअरचीही मिळतात; ती आग टाळण्याच्या उपयोगाची आहेत, माणसाच्या रक्षणासाठी त्यांवर विसंबू नये.

या साधनाविषयीही एक गैरसमज आहे. ते प्रवाह तीसवर रोखून धरीत नाही. ते फक्त वेळ कमी करते. धक्का लागतोच, आणि चांगला लागतो. परंतु दीडशे मिलिअँपिअरचा फरक पडला तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात ते वीज तोडते, आणि तेवढ्या अल्पकाळात हृदयाची लय बिघडण्याचा संभव फार कमी असतो. तसेच कोणी एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, तर या राखणदाराला काहीच वावगे दिसत नाही, कारण जाणारा आणि येणारा हिशेब बरोबर जुळतो. आणि एमसीबीचे कामही ते करीत नाही. दोन्ही लागतात, किंवा दोन्ही कामे एकत्र करणारे आरसीबीओ लागते.

अशा तऱ्हेचे फार संवेदनशील साधन डाल्झील यांनी १९६१ मध्ये पुढे आणले. अमेरिकेत घरासमोरच्या हिरवळीवर दिव्याचा खांब असणे आणि त्यावर पॉइंट असणे ही नेहमीची गोष्ट आहे. तेथील राष्ट्रीय विद्युतसंहितेने १९७० च्या दशकात घराबाहेरील पॉइंटांना हे साधन आवश्यक केले. तिकडचे साधन पाच-सहा मिलिअँपिअरवरच पडते, आणि तिकडच्या साध्या पॉइंटचा दाब आपल्या जवळजवळ निम्मा, म्हणजे १२० व्होल्ट असतो. तिकडील छायाचित्रे पाहून येथे खांबावर पॉइंट काढणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

आता प्रत्यक्ष काम. जुन्या दोन पदरी तारेवर पॉइंट काढू नये, हा पहिला नियम. तीन पदरांची नवी आर्मर्ड केबल टाकावी. ती सुमारे पाऊण मीटर खोल, वाळूच्या थरात घालून वरून विटा रचाव्यात. म्हणजे पुढे जास्वंदीचे आळे करताना माळ्याची कुदळ प्रथम विटेवर आदळते. तारेची जाडी दिव्याच्या हिशेबाने धरू नये. दिव्याला पुरणारी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार तीस मीटर लांब नेली आणि तिच्यातून दहा अँपिअर घेतले, तर वाटेतच सात व्होल्ट खर्च होतात. तिच्याऐवजी अडीच, आणि अंतर लांब असेल तर चार चौरस मिलिमीटरची घ्यावी. केबलचे लोखंडी कवच दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये नीट कसून अर्थला जोडावे.

बटणाचा घोटाळा येथे नेहमी होतो. दिव्याचे बटण घरात असते. पॉइंट त्याच तारेवर घेतला, तर दिवा लागलेला असतानाच पॉइंटमध्ये वीज येते. दिवसा गवत कापायचे तर दिवा लावावा लागतो. ही अडचण टाळण्यासाठी कोणी पॉइंटला दुसऱ्या खोलीतून वेगळी फेज आणतात आणि न्यूट्रल मात्र दिव्याचीच वापरतात. असे केले की आरसीसीबीचा हिशेब चुकतो आणि ते उगाच पडू लागते. मग कंटाळून कोणीतरी ते काढून टाकतो. घरात तीन फेज असतील तर धोका आणखी वाढतो. खांबाच्या पोटातल्या दोन तारा वेगवेगळ्या फेजच्या झाल्या, तर त्यांच्यामधला दाब चारशे व्होल्ट होतो, आणि घरातला एक खटका पाडून खांब उघडणाऱ्याला दुसरी तार जिवंत आहे हे ठाऊकही नसते. यासाठी पॉइंटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही मुख्य बोर्डापासून स्वतंत्र आणाव्यात, दिव्याच्याच फेजवरून घ्याव्यात, आणि त्यांवर स्वतंत्र आरसीसीबी बसवावे. साऱ्या घराला मिळून एकच साधन असेल, तर अंगणातल्या ओलाव्याने रात्री घरभर अंधार होतो. अशा दोन-तीन रात्री गेल्या, की त्या साधनाला बगल देऊन तार जोडण्याची बुद्धी होते. अंगणाचे साधन वेगळे असले, की हा मोहच होत नाही.

पॉइंटची पेटी निवडताना तिच्यावरील आयपी हा शिक्का पाहावा. त्यापुढील दोन अंकांपैकी पहिला धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे रक्षण दाखवतो. आयपी ५५ किंवा ६५ ची पेटी अंगणात चालते. मात्र दुकानात उभे राहून एक प्रयोग करून पाहावा. पेटीत प्लग घालून झाकण लागते का? पुष्कळ पेट्यांचे रक्षण झाकण मिटलेले असेपर्यंतच असते, आणि आकाशकंदील तर चार-आठ दिवस रात्रभर लागलेला राहतो. पेटी जमिनीपासून मीटरभर उंच, तुंबणाऱ्या पाण्याच्या वर असावी. तार खालून आत घ्यावी, वरून कधीही नको. खांबाला भोक पाडले तर त्याच्या कडा घासून रबरी वेढणी बसवावी, नाहीतर लोखंडाची धार वर्षा-दोन वर्षांत तारेचे आवरण कापते. स्नेह्यांच्या खांबात नेमके हेच झाले होते. आणखी एक वैरी म्हणजे मुंग्या आणि पाली. ऊब मिळते म्हणून त्या पेटीत शिरतात, मरतात, आणि त्यांच्यामुळे तारांमध्ये वाट तयार होते. तेव्हा पावसाळ्यापूर्वी वीज तोडून पेटी एकदा उघडून पाहावी, आणि आरसीसीबीवरचे तपासणीचे बटण महिन्याकाठी दाबावे. दाबल्यावर ते पडले नाही, तर ते नसल्यासारखेच आहे.

एवढे केल्यावरही उघड्या तारा आगकाडीने पॉइंटमध्ये खुपसण्याची आपली जुनी सवय शिल्लक राहिली, तर कोणतेही साधन किती वेळा वाचवील हे सांगता येत नाही. दिव्यांच्या माळांना बहुधा दोनच पिना असतात, त्यांना अर्थ नसतोच. त्या घराबाहेर वापरण्यासाठी केलेल्या आहेत की नाही, हे पाहून घ्याव्यात. आपल्या देशात विजेच्या धक्क्याने गेल्या काही वर्षांत दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरण पावल्याची सरकारी नोंद आहे.

हे काम स्वतः करावे काय, असे काही हौशी श्रोते विचारतील. वीज नियमांनी दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारख्या वस्तू होत्या तशाच बदलण्यापुरती मोकळीक ठेवली आहे. नवा पॉइंट काढला की जोडणीचे स्वरूपच बदलते, आणि ते काम परवानाधारक कंत्राटदाराकडून, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे लागते. काम झाल्यावर पाचशे व्होल्टच्या मेगरने तारांच्या आवरणाचा रोध मोजून मागावा. तो एक दशलक्ष ओहमांच्या खाली असेल, तर पैसे चुकते करण्याची घाई करू नये. नुसत्या टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे मानू नये.

इंदूरच्या त्या खांबाची जुनी तार आम्ही उपसून काढली, नवी तीन पदरी केबल टाकली, सोळाचे एमसीबी उतरवून तारेच्या आणि कामाच्या हिशेबाने दहाचे बसवले, आणि अंगणापुरते आरसीसीबी लावले. कोळसा-मिठाची नळी होती तेथेच राहू दिली. ती खांबाला आणि नव्या हिरव्या तारेला जोडलेली आहे. त्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ते साधन दोनदा पडले. एकदा पंपाच्या तारेचा सांधा पाण्यात पडल्यामुळे, आणि दुसऱ्यांदा झाकणाच्या फटीतून आत गेलेल्या गोगलगाईमुळे. दोन्ही वेळा घरातले दिवे चालू होते. झाडलोट करणाऱ्या बाई मात्र अजूनही खांबाच्या बाजूची पाने काठीनेच ओढतात, आणि त्यांना तसे करू नका असे सांगण्याचे धाडस मला झालेले नाही.